मानेच्या धमनीचा रिपोर्ट आणि आपली जबाबदारी



या अंकासाठी कोणता विषय घ्यावा, असा विचार करीत असताना आमच्या चिकित्सालयातील दोन रुग्ण डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांपैकी एकाच्या बाबतीत चूक आमची होती, हे प्रथमच मान्य करतो. वीस वर्षांच्या व्यवसायात आलेले यश सांगणारे लेख आपण पुष्कळ लिहितो. क्वचित आपले चुकलेलेही लिहिले पाहिजे, कारण त्यातून दुसऱ्याचा रुग्ण वाचण्याचा संभव अधिक असतो.

पहिले रुग्ण एस.टी.तून निवृत्त झालेले चालक, वय एकसष्ट. मधुमेह होता, तंबाखू सुटलेली नव्हती. एके सकाळी आले ते डोळ्याची तक्रार घेऊन. वर्तमानपत्र वाचताना उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा ओढल्यासारखा झाला, पाचेक मिनिटे काहीच दिसेना, मग आपोआप स्वच्छ दिसू लागले. दुसरी कोणतीही पीडा नव्हती. रात्रीचे जागरण, उन्हाळा, अम्लपित्ताचा जुना इतिहास हे सर्व जमेस धरून आम्ही पित्तप्रकोप असे निदान केले. त्रिफळा घृत दिले, नेत्रप्रक्षालन सांगितले आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या, असा सल्ला दिला. रक्तदाब थोडा अधिक होता. ‘पुढच्या खेपेस पुन्हा पाहू’ असे म्हणालो. पुढची खेप आली नाही. नवव्या दिवशी पहाटे त्यांचा डावा हात व डावा पाय गेला. रुग्णालयात केलेल्या तपासणीत उजव्या इंटर्नल कॅरोटिड धमनीत सुमारे ऐंशी टक्के अवरोध आढळला. गृहस्थ वाचले, काठी घेऊन चालतात. परंतु डावा हात कामाचा राहिला नाही. त्यांचा मुलगा नंतर भेटला. त्याने दोष दिला नाही. त्याने एवढेच विचारले, ‘‘डॉक्टर, ते डोळ्याचं मानेमुळं होतं का हो?’’ होय, मानेमुळेच होते. आणि ते आम्हांस ठाऊक असायला हवे होते.

दुसऱ्या रुग्ण अठ्ठावन्न वर्षांच्या गृहिणी. त्यांना कोणतेही लक्षण नव्हते. मुलाने हौसेने आरोग्य तपासणीचे ‘पॅकेज’ घेऊन दिले, त्यात मानेचा डॉप्लर होता, आणि रिपोर्टमध्ये डाव्या बाजूस ‘५० ते ६९ टक्के’ असे छापून आले. त्या दिवसापासून बाईंनी मान वळविणे सोडले. झोप गेली. कोणा औषधी दुकानदाराने ‘नसा मोकळ्या करणारा’ तीन महिन्यांचा कोर्स दिला आणि बाकीच्या गोळ्यांची आता आवश्यकता नाही, असे सांगितले. बाईंनी रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद केल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा रक्तदाब १९०/१०४ होता.

पहिल्या रुग्णाचे लक्षण बोलत होते आणि आम्ही ऐकले नाही. दुसऱ्या रुग्णाचा केवळ आकडा बोलत होता आणि सर्वांनी तोच ऐकला. आमचे म्हणणे या दोन वाक्यांत सामावलेले आहे. मानेच्या धमनीचा रिपोर्ट हाती आला म्हणजे टक्का पाहण्यापूर्वी लक्षणांचा इतिहास घ्यावा. टक्का त्यानंतर पाहावा. आणि ‘ब्लॉकेज खोलून देतो’ हे वाक्य आपल्या चिकित्सालयातून आणि दुकानातून कायमचे हद्दपार करावे.

धमनी म्हणजे गटार नव्हे

मानेच्या दोन्ही बाजूंस कॉमन कॅरोटिड धमनी वर चढते आणि साधारणतः कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीस तिच्या दोन शाखा होतात. बाह्य शाखा चेहरा व शिरोत्वचेस रक्त पुरविते. अंतर्गत शाखा, म्हणजेच इंटर्नल कॅरोटिड, मेंदूस आणि त्याच बाजूच्या डोळ्यास. दुभाग होतो तेथेच रक्तप्रवाहात भोवरे उत्पन्न होतात आणि तेथेच मेदयुक्त थर, ज्यास प्लाक म्हणतात, तो साचतो.

येथे एक मोठा गैरसमज आहे. रुग्ण आणि आपणांपैकी पुष्कळजण असे समजतात की, नळ तुंबला म्हणून मेंदूस पाणी कमी पडते. बहुतेक वेळा तसे घडत नाही. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक वर्तुळ असते. इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने १६६४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एका बाजूचा प्रवाह उणावला तर दुसरी बाजू या वर्तुळातून पुष्कळ अंशी भर काढते. म्हणूनच एका बाजूची कॅरोटिड शंभर टक्के बंद असूनही हिंडता-फिरता रुग्ण आपण पाहतो. खरा धोका प्लाक फुटण्याचा असतो. त्यावर रक्ताची गुठळी बनते, तिचा कण सुटतो आणि प्रवाहाबरोबर डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन अडकतो. कण लहान असेल, विरघळला, तर पाच मिनिटांत दृष्टी परत येते. मोठा असेल तर पक्षाघात. आमच्या चालक रुग्णास प्रथम लहान कण गेला होता. तो इशारा होता.

यास्तव रिपोर्ट पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा: गेल्या सहा महिन्यांत एका डोळ्यापुढे अंधारी, एका बाजूच्या हातापायांत किंवा चेहऱ्यात अचानक दुर्बलता वा बधिरता, बोलणे अडखळणे अथवा शब्द न सुचणे, असे काही क्षणभर तरी झाले काय? डोळा त्याच बाजूचा, हात-पाय विरुद्ध बाजूचे, हे ध्यानात ठेवावे. वाणीचे केंद्र बहुतेकांत डाव्या मेंदूत असल्याने डाव्या धमनीच्या विकारात वाणी बिघडते. रुग्ण ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही, कारण ती नाहीशी झालेली असते. ‘हातातून कप सुटला होता, पण मग बरं वाटलं’ एवढे बोलून तो गुडघेदुखीकडे वळतो.

याउलट केवळ चक्कर येणे, खाटेवरून उठताना भोवळणे, मान दुखणे, मुंग्या येणे ही लक्षणे सामान्यतः कॅरोटिडची नव्हेत. चक्करेसाठी डॉप्लर केला, त्यात योगायोगाने चाळीस टक्के निघाले आणि सर्व दोष त्या चाळीस टक्क्यांवर ढकलला, असे नित्य घडते. चक्कर तशीच राहते आणि रुग्ण भयभीत होतो, तो निराळाच.

टक्का कसा वाचावा

डॉप्लर यंत्र अवरोध थेट मोजत नाही. ते मुख्यतः रक्ताचा वेग मोजते आणि वेगावरून टक्का अनुमानिते. अरुंद जागेतून रक्त वेगाने धावते, एवढेच तत्त्व. अमेरिकेतील अल्ट्रासाऊंड तज्ज्ञांच्या सभेने २००३ साली प्रसिद्ध केलेले निकष अनेक ठिकाणी वापरले जातात. इंटर्नल कॅरोटिडमधील सर्वोच्च वेग, जो रिपोर्टमध्ये पी.एस.व्ही. म्हणून छापलेला असतो, तो सेकंदास १२५ सेंटिमीटरच्या आत असेल तर अवरोध ५० टक्क्यांहून कमी. १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९. २३० च्या वर असेल तर ७० किंवा अधिक. या अनुमानास प्रत्यक्ष दिसणाऱ्या प्लाकची जोड हवी. धमनी जवळजवळ बंद झाली की वेग उलट घटू शकतो. म्हणून वेग कमी दिसला एवढ्याने निर्धास्त होऊ नये; तज्ज्ञाचा अभिप्राय पूर्ण वाचावा.

दुसरी गोष्ट, टक्का कशाचा? व्यासाचा की क्षेत्रफळाचा? व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाऊण भाग घटते. तेव्हा ‘क्षेत्रफळ ७५ टक्के कमी’ आणि ‘व्यास ५० टक्के कमी’ ही एकाच धमनीची दोन वर्णने होत. व्यास मोजण्याच्याही दोन रीती आहेत. उत्तर अमेरिकेची रीत अरुंद जागेची तुलना वरच्या निरोगी धमनीशी करते. युरोपची जुनी रीत त्याच जागेच्या मूळ रुंदीशी करते. पहिल्या रीतीने ५० टक्के भरणारा अवरोध दुसऱ्या रीतीने ७० ते ७५ च्या घरात जातो. दोन केंद्रांचे दोन रिपोर्ट पुढे ठेवून ‘सहा महिन्यांत वीस टक्के वाढले’ किंवा ‘आमच्या औषधाने वीस टक्के उतरले’ असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे. आमच्या चळवळीतील काही ‘यशस्वी रुग्णां’चे यश या फरकात दडलेले असावे, अशी आम्हांस शंका आहे. चुना साचलेला प्लाक, वेडीवाकडी धमनी, समोरच्या बाजूची बंद धमनी यांनीही आकडा बदलतो. म्हणून गंभीर अवरोधाची खात्री सी.टी. किंवा एम.आर. अँजिओग्राफीने करून घेतात.

आणखी एक सूचना. डॉप्लर मानेचा असतो. कवटीच्या आतील धमन्या त्यात नीट येत नाहीत, आणि आशियाई लोकांत त्या आतील धमन्यांचे विकार पाश्चात्यांच्या तुलनेने अधिक आढळतात. हृदयाच्या अनियमित गतीमुळेही गुठळी वर जाते. लक्षण खरे असेल तर ‘मानेचा रिपोर्ट नॉर्मल’ या तीन शब्दांवर रुग्णास घरी पाठवू नये.

लक्षण असलेला आणि नसलेला

लक्षणांवर आम्ही इतका भर देतो, त्यास आधार आहे. नॅसेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९१ साली आले. ज्यांना लक्षण होऊन गेले होते आणि अवरोध ७० ते ९९ टक्के होता, अशांपैकी केवळ औषधांवर ठेवलेल्या शंभरातील २६ जणांस दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्या शंभरांत ९ जणांस. १९९८ च्या पुढील निष्कर्षात ५० ते ६९ टक्क्यांच्या गटात पाच वर्षांचे प्रमाण अनुक्रमे २२ व १६ च्या आसपास आले, म्हणजे लाभ होता, पण माफक. ५० च्या खाली शस्त्रक्रियेचा लाभ नव्हता. पुढे असेही स्पष्ट झाले की, क्षणिक लक्षणानंतरचे पहिले काही दिवस सर्वाधिक धोक्याचे असून शस्त्रक्रियेचा लाभ दोन आठवड्यांच्या आत सर्वाधिक मिळतो. आमच्या रुग्णाचे नऊ दिवस या दोन आठवड्यांतच होते.

लक्षण नसलेल्यांची गोष्ट निराळी. १९९५ च्या अमेरिकेतील अभ्यासात ६० टक्क्यांहून अधिक अवरोध असलेल्या लक्षणरहित रुग्णांत पाच वर्षांचा धोका औषधांवर सुमारे ११ टक्के, तर शस्त्रक्रियेने ५ टक्के होता. त्यानंतर औषधोपचार सुधारला. २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट-२ या अभ्यासात ७० टक्के वा अधिक अवरोधाच्या लक्षणरहित रुग्णांत काटेकोर औषधोपचारावर चार वर्षांतील अनिष्ट घटना पाच-सहा टक्क्यांवर आल्या. स्टेंट घातलेल्या गटात त्या आणखी घटून २.८ टक्के झाल्या. शस्त्रक्रियेच्या गटातील ३.७ टक्क्यांचा फरक मात्र निर्णायक ठरला नाही. म्हणजे लक्षणरहित रुग्णासही ७० च्या वर आकडा असल्यास तज्ज्ञाकडे पाठवावयाचे आहेच. पण घाबरवून नव्हे. आणि शंभरांतील चौऱ्याण्णव जणांस चार वर्षे केवळ औषधांवर काही झाले नाही, हेही सांगून. आमच्या गृहिणी रुग्णास हा हिशेब बोटांवर मोजून दाखविला, तेव्हा कोठे त्यांनी मान वळविली.

सरसकट सर्व निरोगी प्रौढांचा मानेचा डॉप्लर करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक कृतिगटाने २०२१ मध्येही कायम ठेवला आहे. पॅकेजे विकणाऱ्यांनी नाही, तरी आपण तरी हे ध्यानी घ्यावे.

आपल्या शास्त्राचे काय?

चरकाचार्यांनी महारोगाध्यायात कफाच्या वीस नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय गणला आहे. धमनीत काही साचते, ही कल्पना आपल्या पूर्वसूरींस नवीन नव्हती, याचा अभिमान वाटतोच. सुश्रुताचार्यांनी कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस नीला व मन्या ही मर्मे सांगून त्यांच्या आघाताने मूकता, स्वरविकृती आणि रसज्ञानाचा नाश होतो, असे म्हटले आहे. आजच्या कॅरोटिड शस्त्रक्रियेत शेजारच्या नाड्यांस धक्का लागल्यास आवाज बसतो, जीभ एका बाजूस वळते. या साम्याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु यावरून मन्या म्हणजेच कॅरोटिड आणि धमनीप्रतिचय म्हणजेच डॉप्लरमधील सत्तर टक्के, असे समीकरण मांडून कफघ्न लेखनाने तो खरवडून निघेल, असे म्हणणे हे शास्त्राचे नव्हे, आपल्या उत्साहाचे विधान होय. संहितेत टक्का नाही. टक्क्याला संहितेचे आश्वासन जोडण्याचा आपणांस अधिकार नाही.

गुग्गुळाचे उदाहरण बोलके आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाचा आधार घेऊन गुग्गुळावर प्रबंध सादर केला आणि त्यातून जगभर संशोधन सुरू झाले. मात्र २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काने अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी चार-पाच टक्के वाढले, काहींना त्वचेवर पुरळ उठले. तो अर्क होता, आपला शोधित कल्प नव्हता, ती प्रकृती-विचार न करता केलेली चाचणी होती, हे सर्व आक्षेप आम्ही मांडले आहेत आणि मांडू. पण आक्षेप म्हणजे पुरावा नव्हे. गुग्गुळ कल्प द्यावयाचे तर द्यावेत; चालू औषधाच्या जागी देऊ नयेत.

मग आपल्या हाती उरते काय? पुष्कळ उरते. ज्या रुग्णास मोठ्या रुग्णालयात चार मिनिटे मिळतात, त्यास आपल्याकडे अर्धा तास मिळतो. तंबाखू, मिश्री, विडी सोडविणे हे आपले काम. दर भेटीत रक्तदाब मोजून वहीत मांडणे हे आपले काम. आहार, निद्रा, चंक्रमण, मधुमेहातील पथ्य यांत आपल्याइतका चिवट वैद्य दुसरा नाही. पक्षाघात झाल्यानंतरचे दीर्घकाळचे उपचार, धीर आणि कुटुंबाची समजूत हेही आपलेच. आणि अशा रुग्णात काय करू नये, हे जाणणेही आपलेच काम: मानेच्या पुढील बाजूस जोराचे मर्दन नाही, मानेस झटके देणे नाही, आणि गंभीर अवरोध असता रक्तदाब एकदम उतरविणारे वा शरीरातील द्रव घटविणारे तीव्र शोधन तज्ज्ञाशी बोलल्याखेरीज नाही.

औषधी दुकानदार बंधूंस

आपल्या त्रैमासिकाचे अनेक वाचक औषधालये चालवितात. त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात धमनीकाठिण्य, पक्षाघात, मधुमेह आणि रक्तदाब हे विकार समाविष्ट आहेत. या विकारांच्या उपचाराची जाहिरात करता येत नाही, आणि जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन, पत्रक आणि तोंडी घोषणाही येते. काउंटरवरील ‘नसा साफ’ असा फलक उतरवावा, हे सांगण्यास आणखी कारण नको.

परंतु कायद्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्राहकाच्या हाती डॉप्लरचा रिपोर्ट असेल तर त्याच्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा स्टॅटिनच्या गोळीबद्दल ‘बंद करा’ हे शब्द दुकानातून निघू नयेत. ती गोळी अवरोध विरघळविण्यासाठी नसते. प्लाकवर गुठळी बनू नये, तो फुटू नये, यासाठी असते. म्हणून ‘वर्षभर खाल्ली, टक्का तसाच आहे’ ही तक्रार ती बंद करण्याचे कारण ठरत नाही. अशा ग्राहकास यष्टिमधूचे मोठ्या मात्रेतील कल्प महिनोन्‌महिने देऊ नयेत. त्याने रक्तदाब चढतो व पोटॅशियम उतरते. लवणभास्करासारखी मीठबहुल चूर्णे रक्तदाबाच्या रुग्णास सहज पुडीत बांधून देऊ नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असता लसूण, हळद यांच्या सांद्र अर्काच्या कॅप्सूल वैद्याला विचारल्याखेरीज देऊ नयेत. जेवणातील लसूण-हळदीस अर्थातच हरकत नाही.

आणि कोणी काउंटरवर उभे राहून ‘काल दहा मिनिटं हात उचलत नव्हता, आता बरा आहे’ असे म्हणाले, तर कोणतेही तेल विकू नये. रिक्षा बोलवावी. हात अद्यापही उचलत नसेल तर एक क्षणही दवडू नये. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तालुक्याच्या गावाहून मोठ्या रुग्णालयाचे अंतर त्यातूनच कापावयाचे असते.

आमच्या चिकित्सालयात आता केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ छापून घेतली आहे: ‘क्षणिक अंधारी / दुर्बलता / वाणीदोष: होय, नाही, कधी?’ साठीच्या पुढील प्रत्येकास, आणि मधुमेह, रक्तदाब वा तंबाखू असलेल्या प्रत्येकास हा प्रश्न विचारला जातो, तक्रार गुडघ्याची असो की मूळव्याधीची. गेल्या वर्षात या ओळीमुळे आम्ही तीन रुग्णांस त्याच दिवशी पुढे पाठविले. एकाचा आजार निघाला तो मानेचा नव्हता, अनियमित हृदयगतीचा होता. दुसऱ्याचे काहीच निघाले नाही. तिसऱ्या बाईंच्या धमनीत मात्र गंभीर अवरोध होता, आणि दहाव्या दिवशी त्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या परवाच दिवाळीचा फराळ घेऊन दोन्ही हातांनी डबा धरून आल्या.

एस.टी.चे ते निवृत्त चालकही अधूनमधून येतात. मुलगा डाव्या बाजूस धरून त्यांना खुर्चीवर बसवितो. ते आमच्यावर रागावलेले नाहीत. केसपेपरवरील ती ओळ मात्र त्यांचीच आहे, आणि आपल्याही केसपेपरवर ती छापली जावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

इत्यलम्।